गडाला पदर कुठून आला?

पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना एक टप्पा असा येतो की छातीवर आलेली चढण एकदम आडवी होते. एका हाताला दरी, दुसऱ्या हाताला काळा कातळ, आणि तोही वाटेवर पुढे झुकलेला. घराच्या वळचणीखालून जावं तसं त्या कातळाच्या छपराखालून चालत जायचं. पावसाळ्यात वरून पाण्याचे पडदे पडत असतात आणि आपण त्यांच्या आतल्या बाजूनं, बऱ्यापैकी कोरडे, पुढे सरकतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत पाचनईचे एक मामा होते. सपाटी आल्याबरोबर मी बूड टेकलं आणि विचारलं, "मामा, इथं बरी वाट सपाट झाली?"

"ह्यो पदर. समद्या गडांना असतो," मामा म्हणाले. "कडा आला की थांबायचं आन् पदरानं फिरायचं. कुठं ना कुठं वर जायला खाच घावती."

पदर हा शब्द ट्रेकर मंडळींच्या तोंडी रोज असतो. गडाच्या उभ्या कड्याखाली, कमरेला गुंडाळल्यासारखी जी झाडीची आडवी पट्टी असते, तो पदर. बहुतेकांना तो दमल्यावर बसायला ठीक वाटतो. पण त्याच्याशी जरा थांबून बोललं, तर आख्खं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य उलगडायला लागतं. इथली लेणी, गड, जंगल, विहिरी, इतकंच काय, कोणत्या वाडीला मे महिन्यात पाणी पुरेल आणि कोणत्या नाही, हेही पुष्कळ अंशी त्या पट्टीवर ठरतं.

हे अभयारण्य अकोले तालुक्यात आहे, आता ज्याला आपण अहिल्यानगर म्हणतो त्या नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. १९८६ साली ते जाहीर झालं. उत्तरेला कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड, मधे रतनगड, भंडारदऱ्याचा जलाशय, घाटघर, सांदण दरी. वनखात्याच्या कागदावर त्याचे भंडारदरा आणि राजूर असे दोन परिक्षेत्र. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्रातल्या कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार आल्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड त्या यादीत नाही. पण सह्याद्रीचा दगड समजून घ्यायचा असेल तर मी कुणालाही आधी इथंच पाठवीन.

पदराकडे येण्याआधी थोडं स्वयंपाकघरात जाऊ.

आंबोळी घातलेली पाहिली असेल. पीठ तव्यावर पसरतं, वरच्या बाजूनं बुडबुडे फुटून जाळी पडते आणि खालची बाजू घट्ट, गुळगुळीत राहते. अशा आंबोळ्या एकावर एक ठेवत गेलो तर जी चवड होईल, तिचा उभा छेद कसा दिसेल? घट्ट, जाळीदार, घट्ट, जाळीदार. सह्याद्री म्हणजे ही चवड.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आजच्या रियुनियन बेटाच्या बाजूला. तिथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांपुढे टोकदार डोंगर आणि त्यातून उडणारं कारंजं येतं. इथं बहुतांशी तसं झालं नाही. दूध उतू जावं तसा लाव्हा भेगांतून बाहेर येऊन पसरत गेला, थंड झाला, त्यावर पुन्हा नवा आला. हा दगड आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पश्चिम घाटात ठिकठिकाणी उघडे पडलेले थर जुळवून एकावर एक रचले तर त्यांची जाडी तीन किलोमीटरच्या आसपास भरते. भूगर्भशास्त्रात याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे; स्वीडिश भाषेतल्या पायरीसाठीच्या शब्दावरून तो आला आहे. लांबून सह्याद्रीचा कुठलाही डोंगर पाहा, पायऱ्या दिसतातच.

आता एका थराच्या आत डोकावू. लाव्ह्यात वायू असतो. थर पसरला की वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरची साय घट्ट होताना तिथंच अडकतात. त्यामुळे थराचा माथा भोकाभोकांचा होतो. मधला भाग सावकाश निवतो, म्हणून तो एकसंध, काळा, ठणठणीत. विहीर खणणाऱ्यांना हे दोन दगड पक्के ठाऊक असतात. घट्ट तो पाषाण आणि भोकांचा तो मांजऱ्या. मांजऱ्यातल्या भोकांत पुढे पाणी झिरपून पांढरी खनिजं भरली. गडावर उन्हात चमकणाऱ्या गारगोट्या दिसतात, त्या बऱ्याचदा या भोकांतून सुटलेल्या असतात.

काही वेळा दोन उद्रेकांच्या मधे एवढा काळ गेला की आधीच्या थराची वरची बाजू कुजून तिची माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून विटेसारखी तांबडी झाली. घाटरस्त्याच्या कापीव दरडीत काळ्या दगडांच्या मधे गेरूसारखा आडवा पट्टा दिसला, तर तो हा. पुढच्या वेळी माळशेज किंवा कसारा घाटातून जाताना खिडकीतून बघा. एकदा ओळखू यायला लागला की मग तो पिच्छा सोडत नाही, आमच्या घरात आता घाट लागला की मुलं कंटाळून आधीच सांगतात, "हो बाबा, तो बघा तुमचा लाल पट्टा."

एवढं कळलं की पदराचं कोडं सुटतं. पाऊस आणि ऊन दोन्ही दगडांना सारखंच झोडपतात, पण मांजऱ्या आणि तांबडी माती लवकर झिजतात, पाषाण टिकतो. मऊ थर झिजत आत सरकला की वरचा पाषाण अधांतरी राहतो. पाषाणाला निवताना उभ्या भेगा पडलेल्या असतात. खालचा आधार गेला की त्या भेगेवर शिळा सुटते आणि सरळ खाली येते. त्यामुळे कडा मागे मागे जातो, पण उभाच राहतो. मऊ थराच्या जागी बाक तयार होतो, त्यावर वरून पडलेला चुरा आणि माती साचते, मातीत झाडं येतात. झाला पदर. पाचनईच्या वाटेवरचं ते झुकलेलं छप्पर म्हणजे पुढे केव्हातरी सुटून खाली यायची शिळा. आज आपण तिच्या खालून जातो आहोत, एवढंच.

आणि तिथं जी खाच मामा शोधायला सांगत होते, ती उभ्या भेगेची करामत. एखादी भेग पाण्यानं रुंद केली की तिची नाळ होते. कोकणातून बेलपाड्याकडून कोकणकड्यावर येणारी नळीची वाट तशीच. साम्रदजवळची सांदण दरीही भेगेचीच थोरली बहीण. काही ठिकाणी दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात लागावेत एवढी अरुंद, आणि वर पाहिलं तर आभाळाची फक्त चिरोटी.

थरांच्या या चवडीत एक गमतीची गोष्ट दडलेली आहे. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. साहजिकच वाटतं की चवडीतला अगदी वरचा, सर्वांत नवा थर तिथं असणार. प्रत्यक्षात उलट आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या थरांचे तीन मोठे गट पाडले. सर्वांत खालचा, म्हणजे सर्वांत जुना गट, त्याला नावच 'कळसूबाई उपगट' दिलं. त्यावर लोणावळा उपगट आणि त्यावर वाई उपगट. महाबळेश्वरचा माथा या वाई गटात येतो. म्हणजे कळसूबाईच्या देवळासमोर आपण ज्या दगडावर उभे असतो, तो महाबळेश्वरच्या बाजारातल्या दगडापेक्षा जुना. कारण ही सगळी चवड पूर्ण सपाट नाही, दक्षिणेकडे अगदी किंचित कललेली आहे. उतार इतका बारीक की डोळ्याला कळतही नाही, पण शेकडो किलोमीटरवर तो मोजायला लागलं की हिशेब बदलतो. उत्तरेकडे वरचे थर झिजून गेले आणि जुने उघडे पडले. घरातल्या माळ्यावर तळघर सापडावं, तसं.

आता कोकणकडा.

गडावर पश्चिमेला चालत गेलं की जमीन संपते. कडा सरळ तुटलेला तर आहेच, शिवाय नागाच्या फणीसारखा आत वळलेला आहे. पोटावर झोपून डोकं बाहेर काढलं तर खाली कोकणातली शेतं दिसतात आणि कड्याचा पाया दिसतच नाही, कारण तो आपल्या पोटाखाली असतो. बाजूच्या टोकावरून पाहिलं तर थरांच्या आडव्या रेघा मोजता येतात. मी दोनदा मोजायला बसलो आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. कुठं थर संपला आणि कुठं नुसता ओल्याचा डाग आहे, हे उन्हाच्या कलानं बदलतं.

हा काठ इथं का? एके काळी ही चवड पश्चिमेला आणखी पुढे, आजच्या किनाऱ्याच्या बाजूला, गेलेली होती. भारत आणि सेशेल्सचा भूभाग वेगळे झाले, मधे समुद्र आला, आणि पठाराला पश्चिमेकडे एक तुटका काठ मिळाला. मग नद्यांनी काम सुरू केलं. पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या आखूड, तीव्र उताराच्या, आणि मोसमी पाऊस थेट अंगावर घेणाऱ्या. पूर्वेकडच्या नद्या निवांत, शेकडो किलोमीटर जायचं तर घाई कशाला. तेव्हा पश्चिमेकडच्या ओढ्यांनी काठ कुरतडत कुरतडत पूर्वेला ढकलला. मागे सोडलेली सखल पट्टी म्हणजे कोकण. आपण कड्यावर ज्याला 'सह्याद्री चढून आलो' म्हणतो, तो खरं तर डोंगर नव्हेच, पठाराचा खचत जाणारा बांध आहे. कळसूबाई मात्र या बांधावर नाही. ती पूर्वेकडे फुटलेल्या फाट्यावर आहे. म्हणून सर्वांत उंच असूनही तिच्यावरून कोकण पायाखाली येत नाही आणि कोकणकड्याचा थरार तिथं सापडत नाही.

या आत वळलेल्या आकारामुळे दोन गोष्टी होतात. पहिली वाऱ्याची. समुद्राकडून आलेला वारा कड्यावर आपटतो, त्याला जायला जागा नाही, मग तो कड्याच्या खोबणीतून वर उसळतो. जोराचा वारा असताना गवताची काडी बाहेर टाका, ती आपल्या डोक्यावरून मागे येऊन पडते. वेफर्सचं पाकीट टाकणाऱ्याला ते परत मिळतं, हा कड्याचा न्याय मला फार आवडतो.

दुसरी गोष्ट इंद्रवज्राची. कड्यावर उभं असताना समोरच्या धुक्यात आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं उमटतं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला, त्यात त्यानं हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या या गोल कड्याचं वर्णन केलं आहे. अनेक लेखांत '१८३५ साली साइक्सला इंद्रवज्र दिसलं' असं येतं. ते साल छापल्याचं आहे, पाहिल्याचं नव्हे. तोवर साइक्स हिंदुस्थान सोडून गेलेला होता.

हे कडं म्हणजे गोल इंद्रधनुष्य, असं सर्रास सांगतात. दिसतं तसं, पण दोन्हींची गंमत वेगळी आहे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून होतं. प्रकाश थेंबात शिरतो, वळतो, आतून परततो, रंग फुटतात, आणि ते कडं भलं मोठं असतं. आपल्या सावलीच्या डोक्यापासून मोजलं तर सगळीकडून सुमारे ४२ अंशांवर. अर्धं आभाळ व्यापणारं. इंद्रवज्र धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांचं. त्यांतून प्रकाशाच्या लाटा थेट आल्या दिशेनं मागे फिरतात आणि एकमेकींत मिसळून रंगीत वलय करतात. हे कडं जेमतेम काही अंशांचं, हात लांब करून मूठ धरली तर तिच्या मागं-पुढं मावावं एवढं. आणि ते प्रत्येकाचं स्वतंत्र असतं. दहा जण ओळीनं उभे राहिले तर प्रत्येकाला कडं स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. शेजाऱ्याच्या सावलीला ते नाही, हे पाहून पूर्वी कुणाला आपण संत आहोत असं वाटलं असेल तर त्याला दोष देता येत नाही.

त्यासाठी ऊन पाठीशी आणि धुकं समोर, तेही आपल्या पातळीच्या खाली हवं. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळी सूर्य पाठीमागे, आणि खालच्या खोबणीत धुकं भरलेलं. पावसाळा सरत आला, उघडीप मिळायला लागली, की ही जुळणी होते. होते म्हणजे होईलच असं नाही. मी पाच वेळा गेलो, एकदा दिसलं, तेही चहा घ्यायला वळलो तेवढ्यात विरलं.

गडांचा इतिहास इथं थोडक्यात आटोपतो, कारण राजवटींची यादी इतरत्र हवी तेवढी मिळते. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे: पदर आणि माथा यांच्या मधला एखादा पाषाणाचा थर म्हणजे तयार तटबंदी. हरिश्चंद्रगडाला बांधीव तट फारसा लागलाच नाही. अलंग, मदन, कुलंग या त्रिकुटात तर माथ्याला जायचा मार्गच त्या थरात खोदलेल्या पायऱ्यांचा. मराठेशाही बुडाल्यावर इंग्रजांनी काय केलं? मोठा वेढा नाही, तोफा नाहीत. सुरुंग लावून तेवढ्या पायऱ्या उडवल्या. गड निकामी. आज अलंग आणि मदनवर लोक दोर लावून चढतात, ते त्या एका थराशी झटतात. रतनगडाच्या माथ्यावर वाऱ्यानं आणि पाण्यानं आरपार भोक पाडलं आहे, त्याला नेढं म्हणतात, सुईच्या नेढ्यासारखं. तिथं बसून दोन्हीकडचा वारा खाण्यात जे सुख आहे ते किल्लेदारांनाही कळलं असणार.

लेणी खोदणाऱ्यांनी थरांचा उपयोग आणखी शहाणपणानं केला. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ पाहून खाली ओढ्याच्या बाजूला वळलं की केदारेश्वराची गुहा लागते. आत मधोमध माणसाच्या छातीला लागेल एवढं मोठं शिवलिंग, भोवती कंबरभर पाणी. मे महिन्यातही ते पाणी असं गार असतं की पाय टाकल्यावर पहिली हाक देवाला आणि दुसरी आईला जाते. पावसाळ्यात समोरून ओढा फोफावत असतो, आत जाता येत नाही. लिंगाभोवती चार खांब होते, त्यांतले तीन तुटलेत, एक शाबूत आहे. लोक सांगतात, चार युगांचे चार खांब. शेवटचा मोडला की कलियुग संपेल.

मी तिथं उभ्या असलेल्या एका आजोबांना विचारलं, तीन तुटले तरी छत कसं नाही पडलं? ते म्हणाले, "देव हाये की." ते उत्तर मला मान्य आहे. त्याला जोड एवढीच, की बांधलेल्या घरात खांब छत उचलून धरतो, पण कातळात कोरलेल्या जागेत छत म्हणजे डोंगराचाच अखंड पाषाण. कोरणाऱ्यांनी मऊ जागा आत काढली आणि घट्ट थर डोक्यावर ठेवला. ओढ्याच्या बाजूनं, भेगांतून, पाणी आत झिरपत राहतं आणि ऊन पोचत नाही, म्हणून ते गार. गडावरची पाण्याची टाकीही अशीच हेरून खोदलेली. देवळातल्या शिलालेखांत चांगदेवांचं नाव येतं, ते इथं तप करत असं सांगतात. कुठं बसत असतील ते ठाऊक नाही, पण पाणी जवळ असणार हे नक्की.

पदरावरच्या जंगलाकडे वळू. उभ्या कड्यावर माती टिकत नाही, माथ्यावर वारा झाड वाढू देत नाही. म्हणून गर्द झाडी सापडते ती पदरांवर आणि घळींत. हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, ऐन. उतारावर कारवीचं रान. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, मग वाळते, पण एरवी तिच्या मुळांनी उतारावरची माती धरून ठेवलेली असते. वाळलेली कारवी उभी बांधून तिच्यावर शेणमातीचा गिलावा केला की कुडाची भिंत होते. बिबटे, भेकरं, तरस, रानमांजरं आहेत. गर्द झाडीत शेकरूचं काटक्यांचं घरटं दिसतं.

मे संपता संपता इथं काजवे येतात. झाडच्या झाड एका तालात लुकलुकतं. काजव्याच्या पोटात दोन रसायनं आणि हवेतला प्राणवायू एकत्र येऊन हा थंड प्रकाश होतो. नर मादीला खुणावत असतो. पण हे चमकणारे दिवस म्हणजे काजव्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा. त्याआधी बराच काळ तो अळी म्हणून पालापाचोळ्याच्या ओल्या मातीत राहतो आणि गोगलगायी खातो. ही माती पुन्हा पदरावरचीच. आपण गाड्या घेऊन जातो, तिथल्या तिथं वळवतो, चाकाखाली ती माती येते. आणि गाडीच्या दिव्यांनी वर चाललेलं बोलणं तुटतं. पाहायला जायचं तर गाडी गावात लावून, विजेरीवर लाल कागद बांधून, चालत जावं.

एवढं जंगल टिकलं कसं, या प्रश्नाला 'अभयारण्य झालं म्हणून' हे अर्धंच उत्तर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि त्यांतला फरक शहरात फारसा कुणाला माहीत नसतो. राष्ट्रीय उद्यानात माणसांचे हक्क संपवूनच पुढे जायचं असतं. गुरं चारायलाही बंदी. अभयारण्यात जिल्हाधिकारी हक्कांची चौकशी करतात आणि काही हक्क चालू ठेवता येतात. म्हणून कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या हद्दीत गावं आहेत, भाताची खाचरं आहेत, गुरं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं कसलेल्या जमिनीवर आणि जंगलातल्या गौण उपजावर दावा करायची वाट दिली. कागदावरचा हक्क आणि नाक्यावर अडवणारा पहारेकरी यांच्यात रोज काय चालतं, तो वेगळा लेख होईल.

इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे, १८४८ साली ठाण्याला फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मुलखातल्या देवगावचे. पावसाळ्यात भात, उतारावर नाचणी आणि वरई, उन्हाळ्यात बाळहिरडा. कोवळा हिरडा गोळा करून वाळवायचा आणि विकायचा. कित्येक घरांत पेरणीचा खर्च त्यावर निघतो, म्हणून हिरड्याच्या झाडावर सहसा कुऱ्हाड पडत नाही. आणि दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा बाकीचा महाराष्ट्र वसुबारस करतो, तेव्हा इथं वाघबारस असते. रानाच्या कडेला वाघोबाचं ठाणं, शेंदूर लावलेली मूर्ती, गुराख्यांनी केलेला नैवेद्य. मागणं साधं असतं, गुरांना सांभाळ. पट्टेरी वाघ इथून कधीच गेला. वाघोबाचा मान बिबट्यानं घेतला, आणि नैवेद्य चुकलेला नाही.

शेवटी पाणी, कारण पदराचं खरं काम ते आहे.

घाटघरचा पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. साचून राहिला असता तर तीन माणसं एकावर एक उभी राहून बुडतील एवढं पाणी. ढग कोकणातून येतात, कड्याला अडून वर चढतात, गारठतात आणि सगळं ओझं काठावरच टाकतात. तिथून रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या आत संगमनेर. तिथं पाऊस पाचशेच्या आतबाहेर. या दोन टोकांतला फरक पाहूनच इंग्रजांनी प्रवरेवर भंडारदऱ्याला दगडी धरण बांधलं. १९१० ला सुरुवात, १९२६ ला पूर्ण, उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट, बोलण्यात अकरा टीएमसी. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगवते आणि गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत तिच्या कालव्यांवर साखरपट्टा उभा राहिला. घाटघरला तर दुसरा खेळ आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपानं वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच कोकणात सोडून २५० मेगावॉट वीज करायची. कड्याची उंची इथं बॅटरीसारखी वापरली आहे.

आणि तरीही एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांवर बाया हंडे घेऊन रांगेत असतात. पाषाणात पाणी मुरत नाही. पाच हजारांतलं बहुतेक त्याच आठवड्यात वाहून जातं. जे थोडं राहतं ते मांजऱ्याच्या भोकांत आणि भेगांत शिरतं, खाली पुढचा घट्ट थर लागला की अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या बाजूला येतं. कुठं? जिथं मऊ थर उघडा पडलाय तिथं, म्हणजे पदरावर. तिथं झिरा असतो. वरचं जंगल राखलं, माती राहिली, तर पाणी सावकाश उतरतं आणि झिरा पुढच्या पावसापर्यंत पुरतो. माती गेली की होळीलाच आटतो. बोअर मारणारे यंत्र घेऊन येतात, ते बऱ्याचदा पाषाणात शेकडो फूट जाऊन धुरळा काढून परततात. दगड वाचणारा माणूस आधी पदर फिरून येतो.

मामांनी त्यांच्या वाडीचा झिरा दाखवला. कपारीत एक आंब्याचं पान खोचलेलं, त्याच्या टोकावरून पाण्याचा धागा खाली लावलेल्या हंड्यात पडत होता. शेजारी आणखी सात हंडे ओळीनं. नंबर कुणाचा आहे ते हंड्यांनाच ठाऊक, कारण माणूस कुणी नव्हतं.

"एक भरायला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"आता मार्चमधी होय? अर्धा घंटा." त्यांनी पान जरा सरळ केलं, धागा हंड्याच्या मधोमध आणला. "मेमधी मावशी रातच्याला इथंच निजायला येत्यात."